विंडोज ११ ला जुनं रूप देताय? या चुका टाळा

"माझो स्टार्ट खंय गेलो रे झिला?" नवा लॅपटॉप टेबलावर ठेवता ठेवताच काकांनी विचारलं. देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून हा प्रश्न मी सारखा ऐकतोय. काका हापूसचे बागायतदार. पेट्यांचे हिशेब, वाशीला पाठवायची बिलं, सगळं स्वतः करतात. इतकी वर्षं त्यांचा माउस न बघता डाव्या कोपऱ्यात जातो आणि आता विंडोज ११ मध्ये तिथे स्टार्ट नाही. हाताला पडलेली सवय मोडायची काही गरज नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. फक्त ती जपायच्या नादात मशीन बिघडवू नका.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे सेटिंग्ज न उघडताच "विंडोज ११ ला विंडोज १० करा" असलं काहीतरी डाउनलोड करणं. आधी टास्कबारच्या, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या, मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा. खाली 'टास्कबार बिहेवियर्स'मध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा, स्टार्ट कोपऱ्यात येतो. तिथेच बटणं एकत्र करण्याचा पर्याय 'नेव्हर' केला, की उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव पूर्वीसारखं वेगळं दिसतं. ही सोय सुरुवातीला नव्हती, २०२३ मध्ये परत आली. दिसत नसेल तर अपडेट बाकी आहे.

राइट क्लिकच्या मेनूवरून लोक फार वैतागतात. कट, कॉपी, पेस्ट गेलेले नाहीत, ते त्याच मेनूत छोट्या चित्रांच्या पट्टीत आहेत. जुना लांबलचक मेनूच हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. एवढ्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालायची गरज नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' निवडला की ओळींमधलं अंतर कमी होतं, आणि 'ऑप्शन्स'मध्ये 'धिस पीसी' निवडलं की एक्सप्लोरर पूर्वीसारखा थेट ड्राइव्हवर उघडतो. काकांचं काम एवढ्यावरच भागलं, समोरचा चहा निवायच्या आत.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी टास्कबारचं पूर्ण रूप बदलणारं एक फुकटचं टूल बसवलं. ते छान चाललं, सगळे खूश. महिन्याभराने अपडेट आलं आणि सकाळी टास्कबार दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा; डेस्कटॉप काळा. अशी टूल्स विंडोजच्या आतल्या भागांना चिकटून चालतात. अपडेटने तो भाग बदलला की त्यांचा आधारच जातो. ते मशीन सोडवायला माझी अख्खी दुपार गेली, आणि गिऱ्हाइकाचा धंद्याचा दिवस.

तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरून फॉरमॅट मारू नका. लॉक स्क्रीनवर शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा, 'ट्रबलशूट'मधून सेफ मोडमध्ये (यात विंडोज फक्त गरजेपुरतं चालतं) जा आणि टूल काढून टाका. तेही जमलं नाही तर तिथेच 'सिस्टिम रिस्टोअर' आहे. मात्र रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मशीन नीट असतानाची नोंद, आधी केलेला असेल तरच त्याचा उपयोग! पुष्कळ मशीनवर ही सोय बंदच असते, म्हणून काहीही बदलण्याआधी ती चालू करून एक पॉइंट बनवा. आणखी एक: नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते, त्यामुळे अशा वेळी तो त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आजच वहीत उतरवून ठेवा.

स्टार्ट मेनूच जुना हवा असेल, तर ओपन-शेल हे फुकटचं टूल त्यातल्या त्यात कमी ढवळाढवळ करतं. ते त्याच्या मूळ पानावरूनच घ्या. सगळं रूप एका झटक्यात बदलणाऱ्या 'स्किन पॅक' नावाच्या गोष्टींना हातही लावू नका, त्यांच्यासोबत नको ती सॉफ्टवेअर येतात.

आता फाइलींचं. "डेस्कटॉपवरच्या फाइली उडाल्या" म्हणून एक वहिनी रडकुंडीला येऊन दुकानात आल्या होत्या. सेटअप करताना वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा, बॅकअप चालू झालेला, मग नको म्हणून त्यांनी तो बंद केला. फाइली उडाल्या नव्हत्या, वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या 'डेस्कटॉप'मध्ये जशाच्या तशा होत्या. फुकट जागा ५ जीबीच मिळते, आणि आपल्याकडे पावसात नेट किती वेळ टिकतं ते तुम्हाला माहीत आहे. बंद करायला हरकत नाही, पण लगेच तो फोल्डर उघडून सगळं परत आणा.

जुन्या मराठी फाइली नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसल्या, की लोक फॉन्ट बदलून 'मंगल' करतात आणि तसंच सेव्ह करतात. असं करू नका. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो, जुन्या फॉन्टच्या जोरावर मराठी दिसत असतो. तो फॉन्ट बसवला की अक्षरं जागेवर येतात. म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यातले फॉन्ट काढून घ्या. मंडळाची वीस वर्षांची निमंत्रणपत्रं त्यावर अवलंबून असतात.

शेवटी, जुन्याच मशीनवर विंडोज ११ चढवलं असेल, तर जागा करायला म्हणून 'विंडोज.ओल्ड' हा जुन्या विंडोजच्या फाइलींचा फोल्डर पहिल्याच दिवशी पुसू नका. मागे फिरायचा पर्याय १० दिवस असतो आणि तो त्याच फोल्डरावर चालतो. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, बिलिंगचं सॉफ्टवेअर सगळं एकदा चालवून बघा. डेस्कटॉप असेल तर हे चढवण्याचं काम यूपीएसवरच करा. मृगाच्या आसपास तर वीज कधी जाईल सांगता येत नाही.