"हीच गाडी परत घ्याल का?" सेडान घेण्याआधी जुन्या मालकांना कसं विचारायचं

एप्रिलात साळ्याचा फोन आला, "भाऊजी, सेडान घ्यायची आहे, सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस, यातली कोणती घेऊ सांगा." मी म्हटलं शोरूमला जाऊ नको अजून, दोन रविवार मला दे, ज्यांच्याकडे सेडान चार-पाच वर्षं झाली आहे अशा लोकांना आधी भेटू. मग आम्ही दोघं नागपुरातच फिरलो, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, एक घर सदरला, एक ओळखीचे बुटीबोरीला नोकरीला जातात त्यांच्याकडे, असे सात-आठ जण झाले. त्यातून विचारायचं कसं आणि उत्तर ऐकायचं कसं हे जे समजलं ते लिहून ठेवतोय, कारण पंधरा-अठरा लाखांचा मामला आहे, एवढे पैसे घालून चुकीची गाडी दारात उभी राहिली की माणूस आठ वर्षं रोज सकाळी तिच्याकडे बघतो.

पहिली गोष्ट, "गाडी कशी आहे" असं विचारूच नका. सगळे म्हणतात मस्त आहे. स्वतःच्या गाडीला नाव कोण ठेवणार, त्यातून समोरचा पाहुणा. त्याऐवजी असं विचारा, "समजा आज रात्री ही गाडी चोरीला गेली आणि इन्शुरन्सचे पूर्ण पैसे हातात आले, तर उद्या हीच आणाल का?" आणि मग गप्प बसा. तुम्ही मध्ये बोललात की तो तुमच्या मनासारखं बोलायला लागतो. थांबून, जरा विचार करून जे पहिलं वाक्य येतं तेच कामाचं असतं, आणि "हो" असो की "नाही", लगेच पुढचा प्रश्न "कशामुळे".

कोणाला विचारायचं तेही बघा. सहा महिन्यांचा मालक काही कामाचा नाही, नव्याचे नऊ दिवस असतात. ज्याचे कंपनीतून आलेले टायर बदलून झालेत, बॅटरी एकदा बदलली, वॉरंटी संपल्यानंतरचं निदान एक सर्व्हिसचं बिल खिशातून भरलं आणि एकदा तरी बंपर ठोकून क्लेम केला, असा माणूस शोधा. आणि त्याचं चालवणं तुमच्यासारखं पाहिजे. दर आठवड्याला चंद्रपूर करणाऱ्याची गाडी आणि धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत जाऊन परत येणारी गाडी नावाला एक असली तरी तिचं आयुष्य वेगळं असतं.

आता मनीषनगरच्या काकांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त तिथेच शिकलो. काकांची सेडान अकरा वर्षांची, अजून चकचकीत, सीटवर पांढरे टर्किशचे कव्हर. माझा प्रश्न पूर्णही झाला नव्हता, काका म्हणाले, "हे काय विचारणं झालं, डोळे झाकून हीच घेईन." साळ्याने मान डोलावली, त्याला हवं ते मिळालं होतं. तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी नाही बसणार बाप्पा याच्यात परत. गुडघे किती दुखतात माहीत आहे काय तुम्हाले?" मग त्या स्वतः खाली पार्किंगमध्ये आल्या आणि दाखवलं. मागचं दार उघडून बसल्या, बसताना शेवटचं वीतभर तर अक्षरशः धप्पकन. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढले, एक हात दाराच्या वरच्या कडेला, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला, एक झोका घेतला, उठता नाही आलं, दुसरा घेतला, तिसऱ्याला उठल्या. काका बघतच राहिले. इतकी वर्षं ते ड्रायव्हर सीटवरून उतरून सरळ डिक्की उघडायला जायचे, काकू कशा उतरतात हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

तर एका गाडीचे मालक तीन-चार असतात असं समजून चला. चालवणारा एक, मागे बसणारे दोघं, आणि बिल भरणारा कधी कधी वेगळाच, मुलगा पुण्यात आणि गाडी वडिलांकडे असं आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. प्रत्येकाला वेगळं विचारा, जमलं तर एकमेकांसमोर नको. सेडान मुळातच बुटकी असते म्हणून ती रस्त्याला धरून चालते, वळणावर झुलत नाही, आणि तेच खालचं बसणं साठीनंतर गुडघ्याला लागतं. माझी सासू, म्हणजे साळ्याची आई, दर महिन्याला रामटेकला जाते, तिला विचारल्याशिवाय गाडी ठरवायचीच नाही हे आम्ही तिथेच पार्किंगमध्ये ठरवलं.

मग येतो "हीच" या शब्दाचा घोळ. होंडा सिटी आपल्याकडे १९९८ पासून आहे आणि आत्ताची पाचवी पिढी २०२० ची. व्हर्ना २००६ पासून, आत्ताची २०२३ ची. नाव तेच, गाडी तीच नाही. २०१५ च्या डिझेल व्हर्नावाला डोळ्यात पाणी आणून सांगेल की हीच घ्या, पण ती आता नवी मिळतच नाही, या साइजच्या सेडानमध्ये डिझेल २०२३ पर्यंत सगळ्यांनीच बंद केलं. मारुतीच्या सियाझचंही तेच झालं, २०१४ ला आली आणि २०२५ ला बंद झाली, लोक खूश होते, मागची जागा तर एवढी ऐसपैस की तीन मोठी माणसं बसायची, पण आता घ्यायची तर सेकंडहँडच. म्हणून आधी वर्ष, इंजिन आणि गिअर कोणता हे विचारा, ते तुमच्या गाडीशी जुळत नसेल तर चहा प्या, गप्पा मारा, पण त्याचं उत्तर वहीत लिहू नका.

"नाही" म्हणणाऱ्यांचे पण प्रकार असतात. एक जण म्हणाला नाही घेणार, कारण आता एसयूव्ही पाहिजे, कॉलनीत सगळ्यांकडे आहे. यात गाडीचा काय दोष. दुसऱ्याच्या घरी जुळी मुलं झाली, गरज बदलली. तिसरा म्हणाला नाही, कारण तीन वर्षांत दोनदा एकच पार्ट गेला आणि दोन्ही वेळा पंधरा-पंधरा दिवस गाडी उभी होती. खरा नकार हा तिसरा. तसंच "हो" चं. काही जण सवयीने हो म्हणतात, काही जण स्वतःचा निर्णय बरोबर होता हे सिद्ध करायला. हो म्हणणाऱ्याला विचारायचं, "यातलं काय एक बदललं असतं?" याचं उत्तर पटकन येतं आणि खरं येतं. आम्हाला चौघांकडून एकच उत्तर मिळालं, खालून घासते.

हे खालून घासणं नागपुरात नीट बघून घ्या. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते बघायचं, सिटी आणि व्हर्नाचं १६५ मिलिमीटर, स्लाव्हिया आणि व्हर्टसचं १७९, फरक दीड सेंटीमीटरहून कमी आहे, पण फ्लॅटच्या तळघराच्या उतारावर आणि सिमेंट रोड उंच करून बाजूला गट्टू बसवलेत तिथे तेवढाच पुरतो किंवा पुरत नाही. टेस्ट ड्राइव्हला सेल्सवाला आणि तुम्ही दोघंच असता तेव्हा काहीच घासत नाही. घरचे चार जण बसवा आणि स्वतःच्याच बिल्डिंगच्या रॅम्पवरून घ्या. शोरूमवाले आधी कां-कू करतात, नीट सांगितलं की येतात.

उन्हाळ्याचं तर विचारायलाच पाहिजे. ४५ डिग्रीत दुपारी दोनला कोर्टासमोर किंवा इतवारीत तीन तास उभी असलेली गाडी किती वेळात थंड होते, आणि मागच्यांना थंड वाटायला किती मिनिटं लागतात? पुढच्याला पाच मिनिटांत बरं वाटतं, मागचा सांगेल ते ऐका. माझ्या स्वतःच्या गाडीचा एसी २०२१ च्या मे महिन्यात बंद पडला, सर्व्हिस सेंटरने गॅस भरून दिला, आठ दिवसांत परत गरम हवा, परत गॅस, शेवटी बाहेरच्या एसीवाल्याने वीस मिनिटांत दाखवलं की कॉइल लीक आहे. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाव सांगितलं की लोक नावावरच भांडत बसतात. मुद्दा एवढाच की गाडी आणि सर्व्हिस यांचे प्रश्न वेगवेगळे विचारा. गाडी चांगली पण गावात सर्व्हिस नीट नाही, असंही असतं, आणि मग त्याच गाडीला पुण्याचा माणूस हो म्हणतो आणि नागपूरचा नाही.

समृद्धी महामार्गावर जाणारे असाल तर उलटं होतं, तिथे सेडानवाले सगळे खूश. शिवमडक्याहून चढलं की १२० ची परवानगी, सरळ सिमेंटचा रस्ता, गाडी बसलेली राहते, मागे पोरं झोपतात. फक्त टायरचा आवाज किती येतो आणि उन्हाळ्यात टायरची हवा सकाळी थंड असताना बघता का, हे विचारा. हवा बघतच नाही म्हणणाऱ्याच्या टायरच्या तक्रारी बाजूला ठेवा.

ॲव्हरेज. यावर लोक तासभर बोलतात. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, टाकी फुल ते टाकी फुल कोणी मोजलंय का ते विचारा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तसंच भरून किलोमीटरला लिटरने भागायचं, बस. पण खरं सांगू, ॲव्हरेजपेक्षा मोठा खड्डा दुसरीकडे असतो. समजा गाडी १२ लाखांना घेतली, आठ वर्षांत ८०,००० किलोमीटर चालवली आणि साडेचार लाखांना विकली. साडेसात लाख गेले, म्हणजे किलोमीटरला नऊ रुपयांच्या वर. पेट्रोल १०५ धरलं आणि १४ चं ॲव्हरेज, तर ते किलोमीटरला साडेसात. १४ ऐवजी १६ मिळालं तरी वर्षाला दहा हजार किलोमीटरवर वाचतात साधारण ९,४०० रुपये. त्यामुळे मालकाला हे विचारा की आज डीलर कितीला मागतोय, कितीला विकली गेली असती, आणि सर्व्हिसचे गेल्या दोन वर्षांचे कागद दाखवाल का. ज्याने फाइल काढून दाखवली त्याच्या शब्दाला दुप्पट वजन द्या. किमतीचं पण एक ध्यानात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून या सेडानवर सेससकट ४५ टक्क्यांऐवजी ४० टक्के जीएसटी झाला, पण चार मीटर लांबीच्या आतल्या डिझायर, अमेझसारख्या छोट्या सेडानवर १८ टक्केच आहे, म्हणजे दोघींच्या करातलं अंतर वाढलं. त्याआधी घेणाऱ्याचा हिशोब आणि तुमचा हिशोब आता एक नाही, काही जण आज म्हणतील डिक्की छोटी चालली असती, पैसे वाचले असते.

ऑटोमॅटिकवाल्यांना गिअरचा प्रकार विचारा. सीव्हीटीवाले, म्हणजे ज्यात गिअरच्या वेगळ्या पायऱ्याच नसतात, शहरात खूश असतात, जोरात दाबलं की इंजिन ओरडतं ही त्यांची तक्रार. ड्युअल क्लचवाले, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून गिअर झटपट बदलतो तो प्रकार, हायवेवर खूश असतात, त्यांना वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके लागतात का आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती का, एवढं विचारलं तरी पुरे.

सेकंडहँड घेणार असाल तर अजून एक काम आहे आणि ते टाळू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं होतं, कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही साफसूफ करून फिरत असू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागात मातीची रेघ आहे का, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांना गंज आहे का, काचा बंद ठेवून पाच मिनिटं बसा आणि कुबट वास येतो का बघा, इन्शुरन्सचे जुने क्लेम मागा. मालक गोड बोलत असला तरी हे सगळं करा.

शेवटी आपला ओळखीचा मेकॅनिक. मालकाने जे सांगितलं ते त्याला जाऊन सांगा. आमच्या मेकॅनिकचं म्हणणं मला फार पटलं, तो म्हणाला, "मालक खोटं बोलत नाही भाऊ, त्याले सस्पेन्शनचा आवाज येतच नाही, रोजचा झाला ना." म्हणून मालकाच्या शेजारी बसून एक चक्कर मारा, तुमचे कान नवे असतात.

मी माझ्या गाडीच्या फाइलच्या पहिल्या पानावर दरवर्षी इन्शुरन्स भरतो त्या दिवशी एक ओळ लिहितो, हीच घेईन का नाही, आणि कारण. २०१८ ला लिहिलंय "हो, हायवेला तोड नाही". २०२१ ला "नाही, एसी". २०२३ ला "हो, पण ऑटोमॅटिक". आज कोणी अचानक विचारलं असतं तर मी एसीचं विसरून सरळ हो म्हटलं असतं. साळ्याला ते पान दाखवलं, त्याने फोटो काढून घेतला. आता येत्या रविवारी दुपारी दोनला, ऊन असतानाच, सासूबाईंना घेऊन दोन शोरूमला जायचं आहे, त्या आधी मागच्या सीटवर बसतील आणि उतरतील, साळा चालवून बघेल ते त्यानंतर.