सिस्टीम कॉल फसला, पण कशामुळे? सी प्रोग्रॅममध्ये त्रुटी-संदेश नेमका लिहिताना

"ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" ही एकच ओळ मागे ठेवून एक प्रोग्रॅम बंद पडला आणि कारण शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. प्रोग्रॅम मीच लिहिलेला होता. त्यात चार फाइली एकामागून एक उघडल्या जात होत्या आणि चारही ठिकाणी मी त्रुटीचा संदेश छापणाऱ्या पीएरर या फंक्शनला "ओपन" एवढाच शब्द देऊन मोकळा झालो होतो. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) आपले काम चोख केले होते, म्हणजे काय चुकले ते सांगितले होते. पण कोणती फाइल, कोणत्या नावाने आणि कशासाठी उघडली जात होती, हे फक्त माझ्या प्रोग्रॅमला ठाऊक होते आणि त्याने ते सांगितलेच नाही.

चांगल्या संदेशात म्हणून तीन गोष्टी यायला हव्यात: आपण काय करू पाहत होतो, ते कोणत्या वस्तूवर, आणि कर्नलने दिलेले कारण. त्याच प्रोग्रॅमची सुधारलेली ओळ अशी दिसते:

नोंदवही: '/डेटा/नोंदी/मार्च.लॉग' ही फाइल लिहिण्यासाठी उघडता आली नाही: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

या ओळीतला "लिहिण्यासाठी" हा शब्द शोभेचा नाही. फाइल नसल्यास नवी तयार करण्याचा ओ_क्रिएट हा फ्लॅग दिलेला असेल, तर मार्च.लॉग अस्तित्वात नसणे ही अडचण असूच शकत नाही. बहुधा 'नोंदी' ही डिरेक्टरीच तिथे नाही, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. नावाभोवतीची अवतरणचिन्हेही कामाची आहेत. एफगेट्सने (एक ओळ वाचणाऱ्या फंक्शनने) वाचलेल्या नावाच्या शेवटी नवीन ओळीचे चिन्ह तसेच राहिले असेल, तर बंद होणारे अवतरणचिन्ह पुढच्या ओळीवर जाऊन पडते आणि एरवी डोळ्यांना न दिसणारी चूक उघडी पडते. आणि हा संदेश स्टँडर्ड एररवरच (त्रुटींसाठीच्या वेगळ्या मार्गावर) जावा, कारण आउटपुट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवलेले असले तर तो त्यातल्या मजकुरात मिसळून जातो.

कारण योग्य मिळावे यासाठी एररनो (त्रुटीचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल) केव्हा विश्वासार्ह असतो हे नीट समजून घ्यावे लागते. लिनक्समध्ये सिस्टीम कॉल (कर्नलकडे केलेली कामाची विनंती) फसला की कर्नल -१ ते -४०९५ यांपैकी एखादी ऋण संख्या परत करतो. सी लायब्ररी तिचे चिन्ह बदलून ती एररनोमध्ये ठेवते आणि आपल्या हाती -१ देते. कॉल यशस्वी झाल्यावर मात्र एररनो कोणी शून्य करत नाही, त्यामुळे आधी एररनो पाहून कॉल फसला की नाही हे ठरवणे चूक आहे. आधी परत आलेले मूल्य तपासावे, ते अपयश दाखवत असेल तरच एररनो वाचावा, आणि वाचायचा तर मध्ये दुसरे काहीही न करता. अपयशानंतर आधी क्लोज, मग लॉगमध्ये एक ओळ, आणि मग एररनो, असा क्रम लावला तर छापले जाणारे कारण भलत्याच कॉलचे असू शकते. आउटपुट टर्मिनलवर जाते आहे का हे पाहताना जुन्या लायब्रऱ्या एररनोमध्ये २५ हा आकडा मागे सोडत आणि त्याचा त्या काळचा मजकूर होता "नॉट अ टाइपरायटर". फाइल उघडण्याशी टाइपरायटरचा संबंध काय, या कोड्यात अनेकजण पडले ते यामुळेच. उपाय साधा आहे: कॉल फसल्याबरोबर पहिल्याच ओळीत एररनोची प्रत एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावी आणि पुढे सगळीकडे तीच वापरावी. सिग्नल आल्यावर मध्येच चालणाऱ्या सिग्नल हँडलरनेही आत शिरताना एररनो जपून ठेवावा आणि बाहेर पडताना परत जागेवर ठेवावा.

आकड्याचा मजकूर करण्यासाठी स्ट्रएरर आहे. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) असलेल्या प्रोग्रॅममध्ये स्ट्रएरर_आर वापरावे, मात्र त्याची दोन रूपे आहेत: पॉझिक्स या मानकाचे रूप पूर्णांक परत करते, तर जीएनयूचे रूप मजकुराचा पॉइंटर परत करते आणि आपण दिलेल्या बफरला हातही न लावण्याची त्याला मुभा आहे. जीलिबसी (जीएनयूची सी लायब्ररी) २.३२ पासून, म्हणजे २०२० पासून, स्ट्रएररनेम_एनपी हे फंक्शनही मिळते. ते 'ईनोएंट' (फाइल किंवा डिरेक्टरी नाही) यासारखे चिन्हनाम देते. वापरकर्त्याच्या भाषेप्रमाणे मजकूर बदलला तरी चिन्हनाम बदलत नाही, म्हणून लॉगमध्ये मी दोन्ही छापतो.

सगळी फंक्शने एररनो भरतात असे मात्र नाही. थ्रेड हाताळणाऱ्या पीथ्रेड गटातली फंक्शने त्रुटी-क्रमांक थेट परत करतात, त्यामुळे त्यांच्यानंतर पीएरर बोलावणे निरर्थक आहे. नेटवर्कवरचा पत्ता शोधणाऱ्या गेटॲड्रइन्फोचे क्रमांक वेगळेच असतात आणि त्यांचा मजकूर गाय_स्ट्रएररकडून घ्यावा लागतो. फाइल मेमरीत जोडणारे एममॅप अपयशी झाल्यास नल (रिकामा पॉइंटर) नव्हे, तर मॅप_फेल्ड मिळते. डिरेक्टरीतली नावे देणारे रीडडिर यादी संपली तरी नल देते आणि चूक झाली तरी नलच देते, म्हणून ते बोलावण्यापूर्वी एररनो स्वतः शून्य करणे हाच फरक ओळखण्याचा मार्ग आहे.

कर्नलचे कारण खरे असूनही दिशाभूल करणारे असते, अशा जागा ओळखून संदेशात आपली एक ओळ घालावी. प्रोग्रॅम चालवणारे एक्झेकव्हीई "अशी फाइल नाही" म्हणते आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते: अशा वेळी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर (ती चालवणारा प्रोग्रॅम) सापडलेला नसतो, आणि बरेचदा त्या ओळीच्या शेवटी विंडोजमधून आलेले कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह चिकटलेले असते. "डिव्हाइसवर जागा नाही" हा २८ क्रमांक डिस्कवर भरपूर जागा असतानाही येतो, कारण आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात. फाइलींमधले बदल कळवणाऱ्या आयनोटिफायमध्ये तर पहारा ठेवण्याच्या जागांची मर्यादा गाठली की हाच क्रमांक मिळतो आणि तिथे डिस्कचा काही संबंधच नसतो. परवानगी नाकारली गेली तर फाइलचीच नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीची परवानगी पाहावी लागते, म्हणून संदेशात नाव पूर्ण मार्गासह असलेले बरे.

उलट, काही अपयशे वापरकर्त्याला सांगूच नयेत. वाचताना ईइंटर आला, तर सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबला एवढाच त्याचा अर्थ आहे आणि कॉल पुन्हा करावा. याला अपवाद लिनक्सवरचा क्लोज, कारण ईइंटर आला तरी तिथे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) सुटलेला असतो आणि पुन्हा क्लोज केल्यास दुसऱ्या थ्रेडने नुकतीच उघडलेली फाइल बंद होऊ शकते. राइटने मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहिले तर ती त्रुटीच नव्हे. उरलेले लिहीत राहावे. खरी अडचण असेल तर ती पुढच्या कॉलला समोर येते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा शेवटची. प्रिंटएफने लिहिलेले बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) राहते आणि डिस्क भरल्याची बातमी तो साठा रिकामा करणाऱ्या एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी येते. तिथे कोणी परतीचे मूल्य तपासत नाही आणि प्रोग्रॅम अर्धवट फाइल ठेवून यशाचा शून्य परत करतो. लिनक्सवर हे तपासायला /डेव्ह/फुल नावाचे डिव्हाइस आहे, त्यावर लिहिले की नेहमी २८ क्रमांकच मिळतो. आपल्या प्रोग्रॅमचे आउटपुट तिकडे वळवावे. तो गप्प राहून शून्य परत करत असेल, तर मेन या मुख्य फंक्शनमधून बाहेर पडण्यापूर्वीची तपासणी राहिलेली आहे.

बाकीच्या त्रुटी मुद्दाम घडवून आणण्यासाठी सिस्टीम कॉलवर नजर ठेवणाऱ्या एसट्रेस या साधनाचा इंजेक्ट हा पर्याय वापरावा. फाइल उघडणारा ओपनॲट हा तिसऱ्यांदा केलेला कॉल ईएमफाइल (उघड्या फाइलींची मर्यादा गाठली) देऊन फसावा, असे त्याला सांगता येते. तिसरा यासाठी, की सुरुवातीचे एकदोन ओपनॲट लायब्ररी शोधणाऱ्या लोडरचे असतात आणि तेच फसले तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. आपली फाइल कितवी आहे ते आधी इंजेक्टशिवाय एकदा चालवून मोजून घ्यावे. मग जो संदेश छापला जाईल तो कोड न उघडता वाचावा आणि कोणती फाइल, कोणते काम आणि कोणते कारण हे त्यातून कळते का ते पाहावे. माझ्या त्या चार फाइलींच्या प्रोग्रॅमवर हे केले, तेव्हा तिसऱ्या फाइलीच्या संदेशात मी पहिल्या फाइलीचे नाव चिकटवून ठेवलेले सापडले.