बदकं आणण्याआधी पाण्याची जागा ठरवा

माझ्याकडे बदकं आली ती गोगलगायींमुळे. रोज रात्री बॅटरी घेऊन वाफ्यात वाकायचा कंटाळा आला, तेव्हा तीन बदकं आणली. महिन्याभरात गोगलगायी दिसेनाशा झाल्या. वाफाही दिसेनासा झाला. कोवळी रोपं बदकांना गोगलगायींइतकीच आवडतात, आणि जी आवडत नाहीत ती पायाखाली जातात. म्हणून रोपं गुडघ्याला लागेपर्यंत वाफ्याभोवती दोन फूट उंच जाळी लावा. अंगाने जड असलेल्या जातींना तेवढी पुरते. मस्कोव्ही ही जात मात्र चांगली उडते, तिला ही जाळी म्हणजे काहीच नाही.

पण खरा प्रश्न पाण्याचा. बदक पाळायचं तर तळं हवं, असं मलाही वाटायचं. तळं लागत नाही. डोकं अख्खं बुडेल इतकं खोल भांडं मात्र लागतंच, कारण डोळे आणि नाकपुड्या बदक पाण्यातच साफ करतं. उथळ थाळीत पाणी दिलंत तर थोड्याच दिवसांत डोळ्यांभोवती चिकट खपली धरलेली दिसेल. पिण्यासाठी खोलगट बादली आणि डुंबायला एक मोठं घमेलं, एवढ्यावर माझी तिघं खूश आहेत. घमेल्याच्या आतबाहेर दोन-दोन विटा ठेवा, चढउतार सोपा होतो.

हे घमेलं मी आधी मागच्या दाराशी ठेवलं होतं, खिडकीतून गंमत दिसावी म्हणून. चौथ्या दिवशी दारात चिखल, त्या चिखलात चोचीने पाडलेली भोकं, आणि वास. बदक जितकं पाणी पितं त्याहून जास्त उडवतं, आणि ओली माती दिसली की ती उकरल्याशिवाय त्याला राहवत नाही. आता घमेलं बागेच्या उताराच्या टोकाला आहे, खाली वीतभर जाड गोट्यांचा थर. गोटे गुळगुळीतच घ्या. टोकदार खडीने तळपाय कापतो, जखमेत जंतू शिरतात आणि पायाखाली गाठ येते. ती बरी करणं फार चिकट काम असतं.

पाणी रोज बदलायचं. सांडलेलं दाणं आणि विष्ठा यांनी ते संध्याकाळपर्यंत हिरवं-काळं होतं. ते झाडांच्या मुळाशी ओता, उत्तम खत आहे. कच्ची खायच्या पानांवर मात्र नको. डबक्यात साचून कुजू तर अजिबात देऊ नका. कुजक्या पाण्यातून बदकांना बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा लकवा) होतो, मान लुळी पडते, आणि मग पशुवैद्य गाठायलाही फार वेळ नसतो.

खाद्याचंही नातं पाण्याशीच आहे. बदक एक घास खातं आणि पाण्याकडे पळतं. कोरडं खाणं घशात अडकतं. म्हणून दोन्ही भांडी जवळ ठेवा, पण हातभर अंतर राहू द्या, नाहीतर खाद्याची खीर होते. रात्री खुराड्यात मी दोन्ही ठेवत नाही. मोठ्या बदकांना चालतं आणि खालचा भुसा कोरडा राहतो. पाव देऊ नका. पोट भरतं, पोषण काही नाही.

पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देणार असाल तर औषध न मिसळलेलं घ्या आणि कपभर खाद्यात एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (बिअरच्या यीस्टची वाळवलेली पूड) घाला. त्यात नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) असतं आणि बदकांना ते जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात. पहिल्या आठवड्यात ऊब साधारण ३२ अंश सेल्सिअस ठेवा, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवा. आणि आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पोहायला सोडायची घाई नको. आईच्या पिसांचं तेल अंगाला लागलेलं नसतं, म्हणून ती भिजतात आणि गारठतात. माझं एक पिल्लू असंच काकडलं होतं. टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून बसले, तासाभराने चोच हलली.

खुराडं जमिनीलगतच करा, मस्कोव्ही सोडली तर बदकं दांडीवर बसत नाहीत. दर बदकामागे चार चौरस फूट जागा, डोक्याच्या वर झरोके, आणि अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची, जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं सहज फाडतं. काम झालं की जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. चमकणारा स्क्रू बदक सरळ गिळतं आणि त्यातल्या जस्ताने विषबाधा होते.

एकटं बदक पाळू नका, ते झुरतं. नर एक असेल तर माद्या चार-पाच हव्यात, नाहीतर तो त्यांच्या मानेची पिसं उपटतो. ओळखायचं कसं? मस्कोव्ही सोडली तर शेपटीवरचं पीस वर वळलेलं आणि आवाज घोगरा तो नर. मोठमोठ्याने ओरडते ती मादी. आमच्या एकीचं नाव त्यामुळेच भोंगा पडलंय. भिंतीला लागून शेजार असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

अंडी बहुतेक पहाटे घालतात, म्हणून खुराडं आठनंतर उघडा. मी काही दिवस सहालाच सोडत होते आणि अंडी बंद झाली म्हणून खाद्य बदलत बसले होते. एक दिवस कुंपणाजवळचं झुडूप छाटायला घेतलं, तर खाली पालापाचोळ्यात अकरा अंडी, आणि शेजारी उभी राहून भोंगा माझ्यावर ओरडत होती.