ब्लीचिंगपासून आयोडीनपर्यंत : हॅलोजन वापरताना या चुका टाळा

फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडीन ही सगळी हॅलोजन कुटुंबातली मूलद्रव्यं एका इलेक्ट्रॉनसाठी हपापलेली असतात. पाण्यातले जंतू त्यामुळेच मरतात आणि आपला घसा, डोळे, फुप्फुसंही त्यामुळेच भाजतात. तरी दर दिवाळीला नागपुरात कुठे ना कुठे कुणीतरी संडासात ब्लीचिंग पावडर पसरतंच आणि वरून ऍसिड ओततंच.

आमच्या शेजारच्या इमारतीत हेच झालं. कामाच्या ताईंनी फरशीवर आधी पावडर टाकली, मग बाटलीतलं पिवळट ऍसिड. फरशी फसफसली, हिरवट-पिवळा धूर उठला. खोकल्याची उबळ आली तशा त्या तिथेच खाली बसल्या. तो धूर म्हणजे क्लोरिन वायू. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, तो तळालाच साचतो. शेजारच्या काकूंनी दंडाला धरून ओढत त्यांना गॅलरीत आणलं. तासाभरात बरं वाटलं म्हणून त्या घरी गेल्या, आणि रात्री धाप लागून दवाखान्यात भरती कराव्या लागल्या. या वायूचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. म्हणून आधी मोकळ्या हवेत या, आत पुन्हा जाऊ नका आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवाच.

"दोन्ही टाकलं का जास्त साफ होते जी," असं मला अजूनही ऐकवतात. होत नाही! जो क्लोरिन डाग काढणार, तोच वायू होऊन उडून जातो. माझ्या घरी ऍसिड मागच्या गॅलरीत आणि ब्लीचिंग दुसऱ्या टोकाला असतं. एका दिवशी एकच वापरायचं, भरपूर पाण्याने धुवायचं.

दुसरी चूक गच्चीवरच्या टाकीची. झाकण उघडलं, मूठभर पावडर भिरकावली, झालं काम! १,००० लिटर पाण्याला चांगली पावडर २.५ ग्रॅमच्या आसपास पुरते. चांगली म्हणजे साधारण ३३ टक्के क्लोरिन असलेली. उन्हाळ्यात पारा ४५ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये उघडं राहिलेलं पोतं म्हणजे नुसता चुना. ओलसर गोळे झालेली, वास गेलेली पावडर मी पिण्याच्या पाण्याला लावतच नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, अंधारी जागा, आणि विकत घ्यायची ती थोडीथोडीच.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. खाली पांढरा गाळ बसतो, वर नितळ पाणी राहतं. टाकीत जायचं ते फक्त वरचं. नव्याने काम शिकलेली पोरं इथेच घाई करतात. अख्खी बादली उपडी केली की चुन्याचा गाळही टाकीत जातो आणि पाणी आणखी जड, म्हणजे क्षारांचं होतं. त्यानंतर तासभर नळ बंद. तासाने ओटी टेस्टला (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून रंगावरून क्लोरिन ओळखायची चाचणी) लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन दिसला पाहिजे. रंगच आला नाही तर पाणी प्यायचं नाही, पुन्हा मात्रा द्यायची.

कूलरच्या पत्र्याच्या टाकीत ब्लीचिंग नको, गंज धरतो. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासा. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात.

आयोडीनयुक्त मिठाचा डबा शेगडीजवळ उघडा ठेवू नका. घरापर्यंत पोचताना त्यात किमान १५ पीपीएम (किलोमागे १५ मिलिग्रॅम) आयोडीन असायला हवं. उष्णता आणि ओल ते कमी करतात.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या ज्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते उकळून शुद्ध होत नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. बोअरचं पाणी प्यायच्या आधी तपासून घ्या, शेजाऱ्याच्या बोअरचा अहवाल आपल्या कामाचा नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या ब्रशवर फ्लोराइडची पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच घ्या. हॅलोजनचा बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला की तिथे काच जास्त तापून फुटते. कोरड्या फडक्याने धरा.