सभेचं रेकॉर्डिंग फाटत होतं, त्यावर सापडलेला उपाय

आमच्या सोसायटीत वार्षिक सभेचं इतिवृत्त रेकॉर्डिंग ऐकून लिहितात. यंदा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर काढून रेकॉर्डरला दिली, तर अध्यक्षांचा आवाज फाटका, चरचरीत. लेव्हल कमी केली तरी फाटकाच, फक्त बारीक. तिथेच दुखणं कळलं. मिक्सरमधून लाइन लेव्हलचा सिग्नल येतो, माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट जोरदार. रेकॉर्डरचं इनपुट ‘माइक’वर होतं, त्यामुळे आवाज आतल्या प्रीॲम्पमध्येच (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) चिरडला जात होता, पुढे लेव्हल कमी करून काय उपयोग? मेनूत जाऊन इनपुट ‘लाइन’वर नेलं आणि आवाज स्वच्छ झाला.

मग ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद केली. बोलणारा थांबला की ती पंख्यांची घरघर वर आणते. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला; शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो. चिडलेल्या सभासदासाठी तेवढी जागा लागतेच! रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, म्हणजे जास्त बारकाईने नोंदवलं, की बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो. अशी ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४८ हजार नमुने), मोनो म्हणजे एकाच चॅनेलची वेव्ह फाइल तासाला साधारण ५२० एमबी होते. कार्डात जागा बघून ठेवा.

राहिले मागच्या रांगेतले काका. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, हॉलचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टवेअर इथे फारसं कामाला येत नाही. फिरता माइक हातात दिला, तेव्हा कुठे त्यांचा पार्किंगचा मुद्दा इतिवृत्तात आला.