तारेचं कानातलं घरच्या घरी: सगळी मदार एका डोळ्यावर

तारकामात मन लावून शिकावी अशी गोष्ट एकच आहे: मण्याच्या डोक्यावरचा तारेचा गोल डोळा. तो हाताला बसला की कानातलं, माळ, ब्रेसलेट ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणून इथे एका मण्याचं साधं लोंबतं कानातलं करू.

तार तांब्याची घ्या, २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिमी जाड. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, आणि इथे नवखा माणूस हमखास उलटं समजतो. १८ गेज सुमारे १ मिमी, तर २४ गेज ०.५ मिमी. काचेच्या बऱ्याच मण्यांतून २० गेज जाते. मोत्यांची भोकं मात्र लहान असतात, तिथे २४ किंवा २६ लागते. हत्यारं तीन: गोल तोंडाची पक्कड, चपट्या निमुळत्या तोंडाची पक्कड आणि कटर. शिवाय एक बारीक कानस. तार कापताना सुटणारं टोक बोटाने धरून ठेवा, नाहीतर तुकडा थेट आपल्या डोळ्याकडे उडतो.

आठ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा. प्रत्येकाच्या एका टोकाला गोल पक्कडीने जिलबीसारखे दोन छोटे वेढे द्या. मणी खाली घसरू नये म्हणून ही बैठक. मणी ओवा.

आता डोळा. मण्याच्या लगेच वर चपट्या पक्कडीच्या टोकाने तार धरा. पक्कडीची ती दोनेक मिलिमीटर रुंदी म्हणजे पुढच्या वेढ्यांसाठी राखलेली जागा, डोळ्याची मान. तिच्यावर तार काटकोनात वाकवा. गोल पक्कड बरोबर त्या कोपऱ्यात लावा आणि तार अंगठ्याने वरच्या जबड्यावरून पलीकडे ओढून घ्या. अर्धा गोल झाला की तार जबड्याला अडते. इथे जोर करायचा नाही. पक्कड काढा, खालचा जबडा डोळ्यात घाला आणि उरलेला गोल पुरा करा. मग डोळा चपट्या पक्कडीत आडवा धरून मोकळं टोक मानेभोवती गुंडाळा: अडीच-तीन वेढे, एकाला एक चिकटून, मण्याला टेकेपर्यंत. उरलेली तार कापा आणि टोक पक्कडीने आत दाबा. बोट फिरवून पाहा. टोचलं तर केसांत, ओढणीत अडकणारच.

डोळा वाकडा आला तर? एक-दोनदा सरळ करून बघा, तिसऱ्यांदा नको. तांबं वाकवावं तितकं कडक होत जातं आणि शेवटी त्याच जागी तुटतं. कडक झालेली तार मणी ओवण्याआधी ज्योतीवर मंद लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ होते. पोलादाचं याच्या उलट, तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं. मोटारीच्या वाइंडिंगमधली तार मात्र तापवू नका, तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि त्याचा धूर वाईट.

माझी पहिली जोडी जोडी नव्हतीच. एक कानातलं पूर्ण करून दुसरं करायला घेतलं आणि त्याचा डोळा दीडपट मोठा निघाला. तेव्हापासून गोल पक्कडीच्या जबड्यावर मार्करने रेघ मारून ठेवते, दरवेळी तार त्याच रेघेवर. आणि प्रत्येक पायरी दोन्ही तुकड्यांवर लागोपाठ.

कानात घालायच्या आकड्यासाठी तांबं नको. घामाने ते हिरवं पडतं, त्वचेवरही रंग उतरतो. निकेलही नको, त्याची ॲलर्जी तर अनेकांना असते. ९२५ चांदीची किंवा टायटॅनियमची तार बरी. पाच सेंटीमीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला लहान कडी करा, बाकीची तार जाड पेनवर वाकवा आणि मागचं टोक किंचित बाहेर वळवा. हे टोक कानशीने गोल घासा, मग बारीक पॉलिश पेपर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण कानातून हेच जातं. कमानीवर पोलादी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने चार ठोके दिले की आकार टिकतो. टोक ठोकू नका, चपटं होईल.

जोडताना कडी फाकवायची नाही. दार उघडतो तशी एक बाजू पुढे करा, डोळा अडकवा आणि तशीच मागे घ्या. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही.

जुनी झाक हवी असेल तर काचेचा मणी असलेला भाग कडक उकडलेल्या, कुस्करलेल्या अंड्यासोबत बंद डब्यात काही तास ठेवा. मोती असतील तर हा प्रयोग नको. अंड्यातल्या गंधकाने तांबं काळपट होतं. वरून अगदी बारीक स्टील वूलने पुसलं की उंचवटे चमकतात आणि वेढ्यांच्या फटीत काळेपणा राहतो. वास जायला साबणाचं पाणी पुरतं. ते अंडं मात्र खाऊ नका.