सीएमए करताय? मग या चुका टाळा

सीएमए म्हणजे खर्चाच्या हिशेबाचं व्यावसायिक शिक्षण, पण भारतातलं वेगळं आणि अमेरिकेतलं वेगळं. म्हणून कुणी ‘मुलगा सीएमए करतोय’ असं सांगितलं की मी आधी विचारतो, कुठलं? गेल्या वर्षी एक वडील मुलीची फी भरल्याची पावती घेऊन आले. ती पावती अमेरिकन सीएमएच्या क्लासची होती, आणि मुलीला करायचं होतं कॉस्ट ऑडिट, म्हणजे कंपन्यांच्या उत्पादनखर्चाच्या हिशेबाची तपासणी. दोन्हीकडे तीच तीन अक्षरं, त्यामुळे ही गल्लत रोज होते.

आपली संस्था म्हणजे द इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया. ती 1944 साली सुरू झाली आणि 1959 च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. जुनी मंडळी अजून तिच्या आधीच्या नावाने ‘आयसीडब्ल्यूए’च म्हणतात. अमेरिकन सीएमए वेगळ्या संस्थेचं, दोनच भागांचं. बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी करायची असेल तर तेही चांगलं. पण कंपनी कायदा 2013 च्या कलम 148 खालचं कॉस्ट ऑडिट फक्त आपल्या संस्थेचा प्रॅक्टिस करणारा सदस्यच करू शकतो. पैसे भरण्याआधी संस्थेचं पूर्ण नाव वाचा.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने इंटरमिजिएटचा, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा, चार पेपरांचा एकच ग्रुप दिला होता. गुण पडले 47, 41, 52 आणि 58. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर, म्हणून त्याने घरी पेढे आणले. निकालात मात्र नापास! कारण प्रत्येक पेपरात 40 टक्के मिळाले तरी ग्रुपची बेरीज 50 टक्के लागते. चारशेपैकी दोनशे हवेत, त्याचे झाले 198. कुठल्याच पेपरात साठ नव्हते, त्यामुळे एखाद्या पेपरातून सूटही नाही. चारही पेपर पुन्हा. म्हणून चारही विषयांत ‘जेमतेम पास’ होण्याची तयारी करू नका. हातखंडा असलेला एक विषय निवडा आणि त्यात साठच्या पुढे जा. त्याने बेरीज सावरते, आणि ग्रुप गेलाच तर तो पेपर तरी पुन्हा द्यावा लागत नाही.

असे एकदोन गुण कमी पडले तर पडताळणीचा अर्ज मुदतीत करा. फक्त एवढं लक्षात ठेवा, त्यात बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहतात. पेपर नव्याने तपासत नाहीत.

तारखांचं थोडक्यात सांगतो. जूनच्या परीक्षेसाठी नोंदणी 31 जानेवारीपर्यंत, डिसेंबरसाठी 31 जुलैपर्यंत. नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नव्हे, तो वेगळा भरावा लागतो. दरवर्षी दोनचार मुलं इथेच सहा महिने गमावतात आणि मला फार वाईट वाटतं. पदवीधर असाल तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला बसता येतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

आता पेपर लिहिण्याबद्दल. कॉस्टिंगचं गणित मुलं कॅल्क्युलेटरवर सोडवतात आणि नुसतं उत्तर लिहितात. समजा, सेवा विभागाचा खर्च उत्पादन विभागांवर वाटायचा आहे. कुठल्या आधाराने वाटला, म्हणजे कामगारसंख्येवर, जागेच्या चौरस फुटांवर की यंत्रतासांवर, हे त्या ओळीसमोर लिहा. शेवटचा आकडा चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. वर्किंग नोट्स, म्हणजे आकडेमोडीच्या पायऱ्या, रफ पानावर करून खोडू नका, उत्तराखालीच मांडा आणि त्यांना क्रमांक द्या.